जनुकांची पत्रिका आणि आठवड्याची गोळी



सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडतात, दोन्ही मनगटे सुजतात. वात म्हणून तुम्ही लेप लावत बसता. पण रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते.

हल्ली तुम्ही विचारता, जनुके तपासून कोणते औषध लागू पडेल ते कळेल का? काही खुणा सापडल्या आहेत. एचएलए-डीआरबी१ जनुकाच्या अनेक प्रकारांत एक सामाईक तुकडा असतो, असे ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडले. तो असला की आजाराचा धोका वाढतो. धूम्रपानाची जोड मिळाली तर आणखी. मेथोट्रेक्सेटसाठी एमटीएचएफआर जनुक तपासले गेले, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. आज तरी आरएफ आणि अँटी-सीसीपी या साध्या रक्ततपासण्याच जास्त उपयोगी. त्या पॉझिटिव्ह असतील तर रिटुक्सिमॅबचा गुण येण्याची शक्यता अधिक.

तेव्हा जनुकांच्या पत्रिकेसाठी उपचार लांबवू नका. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. तरी सांगतो, माझ्या गोड गोळ्यांसाठी मेथोट्रेक्सेट बंद करू नका. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नव्हे. ठरल्या वेळी रक्त तपासून घ्या. घरातल्या लेकी-सुनांना मूल हवे असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही. हा आजार बायकांनाच जास्त होतो, आणि दुखणे अंगावर काढण्याची सवयही त्यांनाच. एकदा झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही.