निर्मळ दिसणारे पाणी
(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मायदेशी आलो की या रुग्णालयात डोकावल्यावाचून आम्हा उभयतांना परत जाववत नाही. यंदा विश्वस्तांनी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही दोघेही डॉक्टर आहोत. परंतु आज एखाद्या अवघड शस्त्रक्रियेची कथा सांगणार नाही. आमच्या हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती पिण्याच्या पाण्याविषयीची आहे.

आम्ही राहतो त्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत ‘बाउंड्री वॉटर्स’ नावाचे अरण्य आहे. दहा लाख एकरांहून अधिक विस्तार आणि हजाराहून अधिक तळी. १९६४ च्या कायद्याने त्याला संरक्षण लाभले व १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने ते अधिक दृढ झाले. तेथील बहुतेक तळ्यांवर यांत्रिक नौकांना मज्जाव आहे. ‘कनू’ नावाच्या निमुळत्या होड्या वल्हवीत जायचे आणि एक तळे संपले की होडी उलटी खांद्यावर घेऊन पायवाटेने पुढचे तळे गाठायचे. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार होड्या, असा नियम आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही तीन मराठी कुटुंबे, मुलांसह आठ जण, सहा दिवसांसाठी तेथे गेलो. पिण्यास व स्वयंपाकास माणशी चार लिटर धरले, तरी दिवसाला बत्तीस लिटर पाणी लागते. सहा दिवसांचे ओझे दोनशे किलोच्या घरात जाते. ते खांद्यावर वाहणे अशक्य. म्हणून तळ्याचेच पाणी गाळून प्यावे लागते.

ते पाणी इतके नितळ असते की तळाचा खडा दिसावा. मोह होतो तो इथेच. बीव्हर व अन्य प्राण्यांच्या, तसेच माणसांच्या विष्ठेतून जिआर्डिया नावाचा परजीवी त्या पाण्यात उतरतो. त्याची पुटी सुमारे दहा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. थंड पाण्यात ती कित्येक आठवडे तग धरते आणि अवघ्या दहा-बारा पुट्याही आजारास पुरेशा होतात.

गटासाठी सोयीची पद्धत अशी. दोन पिशव्या असतात. एकीत तळ्याचे पाणी भरून ती झाडाच्या फांदीला टांगायची. तिच्यातून निघालेली नळी गाळणीतून जाऊन खालच्या स्वच्छ पिशवीत उतरते. गाळणीची छिद्रे ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असल्याने जिआर्डिया आणि जिवाणू अडकून राहतात. पंप मारण्याचे श्रम नाहीत. पाणी आपल्या वजनाने गळत राहते आणि तोवर तंबू उभे राहतात.

पाण्याची जबाबदारी आम्ही दोघांनी घेतली होती. दोन दिवस सारे यथास्थित चालले. तिसऱ्या संध्याकाळी वादळ आले. मुले भिजलेली, तहानलेली. त्या घाईत, ज्या पातेल्याने तळ्याचे पाणी उपसले होते, त्याच पातेल्यात गाळलेले पाणी ओतून आम्ही लिंबाचे सरबत केले व सर्वांना दिले. हात धुण्याचेही त्या गडबडीत राहून गेले. चूक कोणाच्या ध्यानातही आली नाही.

घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांनी तिघांना जुलाब, पोटफुगी व मळमळ सुरू झाली. तपासणीत जिआर्डियाच निघाला. औषधाने तिघेही बरे झाले. पण त्यांतील आमची बारा वर्षांची कन्या महिनाभर शाळेत निस्तेज बसत असे. ते पातेले कारण ठरले की न धुतलेले हात, हे खात्रीने सांगता येणार नाही. दोन्ही दोष मात्र आमचेच होते. गाळणीत कोणताही बिघाड नव्हता.

त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत आम्ही चार नियम पाळतो. गढूळ पाण्याच्या पिशवीला व भांड्याला लाल फीत बांधायची. त्या भांड्यात स्वच्छ पाणी कधीही घ्यायचे नाही. रोज एका व्यक्तीकडेच पाण्याचे काम सोपवायचे आणि तिने प्रथम साबणाने हात धुवायचे. शौचाची जागा पाण्यापासून किमान दोनशे फूट दूर ठेवायची. रोज संध्याकाळी गाळणी उलट्या प्रवाहाने धुवायची आणि रात्री गोठवणारी थंडी असेल तर ती पांघरुणात घ्यायची. कारण आत पाणी गोठले तर तिच्या सूक्ष्म नळ्या तडकतात आणि तडा बाहेरून दिसत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले सह्याद्रीत गडांवर जातात, टाक्यांचे पाणी पितात. कित्येक जण दिंडीबरोबर वारीत चालतात. तिकडच्या अरण्यातील गाळणी इथे जशीच्या तशी पुरेशी नाही. काविळीचे विषाणू त्या छिद्रांतून सहज निसटतात, आणि माणसांच्या वस्तीजवळच्या पाण्यात त्यांचे भय अधिक. १९५५–५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यावर क्लोरीनची प्रक्रिया झाली होती. तिने जिवाणू आटोक्यात राहिले, पण पुढे ‘ई’ म्हणून ओळखला गेलेला विषाणू निसटला. गरोदर स्त्रियांना हा आजार विशेष घातक असतो. म्हणून गटाने पाणी खळखळून एक मिनिट उकळावे. दोन हजार मीटरहून उंच जागी तीन मिनिटे. उकळणे शक्य नसेल तर आधी गाळून मग योग्य मात्रेत क्लोरीन घालावे व अर्धा तास थांबावे. आणि ज्या तळ्यावर हिरव्या शेवाळाचा दाट थर आला असेल, त्याचे पाणी उकळूनही पिऊ नये. उकळल्याने त्यातील विष जात नाही.

देणगीदार बंधुभगिनींनो, शाळांना, धर्मशाळांना, रुग्णालयांना जलशुद्धीकरण यंत्रे देणे हे मोठे पुण्यकर्म आहे. परंतु यंत्राबरोबर त्याची बदलायची गाळणी, वर्षभराच्या देखभालीचा खर्च आणि ते रोज धुणाऱ्या माणसाचे शिक्षण, एवढेही द्यावे. यंत्रावर कोरलेले दात्याचे नाव वर्षानुवर्षे वाचता येते. आतली गाळणी मात्र कोणी पाहिली नाही तर काही महिन्यांतच निकामी होते. रुग्णांच्या आप्तजनांनाही आमचे सांगणे आहे की, घरून पाणी आणता ती बाटली आणि पेला रुग्णासाठी वेगळा ठेवा, आणि पाणी देण्यापूर्वी हात धुवा.

दोन डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत जे घडले, ते कोणाच्याही घरी घडू शकते. म्हणूनच हा प्रसंग लपवून न ठेवता आपल्यासमोर कथन केला.