जीप कुणाच्या नावावर?

(उरण येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



पत्रिकेवर माझा विषय वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. पोटगी, रेशन, दारूबंदी हे आपले नेहमीचे विषय. त्यात 'पहिली जीप कशी निवडावी आणि कशी बांधावी' हे कुठून आले? मी शिकले एम.एस.डब्ल्यू., गॅरेजमध्ये काही शिकलेली नाही. पण गेल्या काही वर्षांत आम्ही चौघींनी मिळून एक जुनी जिप्सी घेतली, दुरुस्त केली, पावसाळ्यात चिरनेर-रानसईकडच्या वाड्यांवर नेली आणि २०२४ च्या सप्टेंबरात उरणहून हिमाचलातल्या स्पितीपर्यंत चालवत नेऊन परत आणली. तेव्हापासून गटागटांतून एकच प्रश्न येतो, 'आम्हाला घ्यायची असेल तर काय बघायचं?' म्हणून आज सगळे एकदाच सांगते.

आपल्याकडे उंच, दणकट अशी कुठलीही गाडी म्हणजे जीपच. आणि जीप बाईच्या आयुष्यात आली ती बहुतेक वेळा दुसऱ्याची म्हणून. बीडीओची जीप, फौजदाराची जीप. आणीबाणीत, १९७६ साली, नसबंदीच्या मोहिमेची जीप वस्तीकडे वळली की माणसे शेतात पळत, हे आपल्या आज्यांनी सांगितलेले आहे. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या लढ्यात जासईला आणि पागोट्याला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यात बायका पुढे होत्या. माझ्या आईच्या तोंडी त्या दिवसांची जी वर्णने आहेत त्यांत पोलिसांच्या गाड्यांचा आवाज पहिला येतो. रोजच्या प्रवासातही तेच. मिनिडोरमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी पुरुष, मागे टोपल्या, पोरे आणि आपण. चाकामागे बसायची सवयच आपल्याला लागू दिलेली नाही.

आता पैशाचे सांगते, कारण गाडीची निवड गॅरेजमध्ये सुरू होत नाही, ती घरातल्या कागदांपासून सुरू होते. आपल्या भागात साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचा पैसा आला तेव्हा घरोघर गाड्या आल्या. त्या कुणाच्या नावावर आहेत, जरा आठवून बघा. मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मान्य केला. तरीही बहिणीला घरी बोलावायचे, साडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, ही रीत सुटलेली नाही. आमच्या चौघींतल्या एकीने सही केली नाही. भाऊ दोन वर्षे बोलले नाहीत. शेवटी तिचा वाटा तिला मिळाला आणि त्यातल्या लहानशा भागातून ही गाडी आली. 'एवढा पैसा मिळाला तर बाईने सोने करावे, जीप कशाला?' असे तिला तोंडावर ऐकवले गेले. तिचे उत्तर मला आवडले. ती म्हणाली, "दादा, तुम्ही स्कॉर्पिओ घेतलीत तेव्हा मी विचारलं होतं का?"

गाडी आरटीओत एकाच व्यक्तीच्या नावावर होते. चौघींचे पैसे असतील तर साधा का होईना, लेखी करार करून ठेवा. कुणी किती घातले, कुणी सोडून गेली तर काय, दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा. संस्था नोंदणीकृत असेल तर संस्थेच्या नावावर घेता येते. नवऱ्याच्या नावावर घेऊ नका. त्याच्यावर विश्वास आहे की नाही, हा प्रश्नच नाही. विमा, चलन, विक्री यांवर ज्याची सही चालते, गाडी त्याची असते.

आता निवड. कुठली गाडी चांगली, असे विचारूच नका. आधी विचारा, कुठे जायचे आहे, किती जणी, किती दिवस आणि बिघडली तर कोण दुरुस्त करणार. आम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या. पावसात मुरमाच्या आणि चिखलाच्या वाटेवर चालणारी, आणि लांबच्या डोंगराळ प्रवासाला टिकणारी. म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, खाली 'लो' गिअर असलेली. हा लो गिअर काय करतो? वेग कमी करतो आणि जोर वाढवतो. निसरड्या चढावर इंजिनाला न रडवता गाडी मुंगीच्या पावलाने चढते, आणि उतारावर ब्रेकवर उभे न राहता उतरते. साध्या गाडीचे एक चाक चिखलात फिरू लागले की सगळी ताकद त्याच चाकाकडे पळते, बाकीची गाडी ढिम्म. चार चाकांच्या गाडीतही पुढचे एक आणि मागचे एक चाक एकदम अधांतरी झाले तर तोच प्रकार. त्यावर डिफरन्शियल लॉक हा उपाय. फोर्सच्या गुरखा गाडीत तो कारखान्यातूनच येतो. पण तिची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती.

महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपा आम्ही पाहिल्या. मोठा गुण म्हणजे तालुक्यातल्या कुठल्याही मिस्त्रीला त्या उघड्या पुस्तकासारख्या येतात. पण ज्या आम्ही चालवून पाहिल्या त्यांचा क्लच इतका जड, की आमच्यातल्या पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या मैत्रिणीचा पाय शेवटपर्यंत पोचेना. २०१० नंतरची थार चांगली, २०२० ची त्याहून चांगली, २०२३ ची जिम्नीही चांगली, पण सगळ्यांचे हप्ते आम्हाला झेपणारे नव्हते. उरली जिप्सी. १९८५ साली आलेली ही गाडी २०१८-१९ च्या सुमारास साध्या ग्राहकांसाठी बंद झाली. ती हलकी आहे, रिकामी टनाच्या आसपास. अडकली तर चौघी ढकलू शकतो, हे आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठे कारण होते. नंतरच्या वर्षांतली इंजेक्शनवाली घेतली, कारण उंचीवर हवा विरळ होते आणि जुने कार्बोरेटर तिथे फार कुरकुरते. दोषही सांगते. पाट्यांमुळे कंबर हलते. मागची आडवी बाके लांबच्या प्रवासाला छळ आहेत. लिटरला दहा किलोमीटर मिळाले तर देवाची कृपा. मोटारींच्या मासिकांतून हे दोष कुणी लपवत नाही, पण ते पुरुषाच्या पाठीच्या हिशोबाने लिहिलेले असतात.

जुनी गाडी घेताना पहिली नजर खाली. उरणची असेल तर दोनदा. आपली खारी हवा चासीला आतून खाते. वरून रंग नवा, खाली पत्रा बिस्किटासारखा. आम्ही मुद्दाम देशावरची गाडी शोधली. चासीवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करा. ठक्क आवाज आला पाहिजे. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा, फोटोवर विसंबू नका. लष्कराच्या लिलावातली गाडी म्हणून स्वस्त सांगतील. कागद पुरे नसतील तर ते भंगार आहे. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते, पासिंग करून. मोटारीसाठी सहाशे रुपयांत होणारे हे काम एप्रिल २०२२ पासून पाच हजारांवर गेले, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना त्याहून जास्त पडते. हे किमतीत धरूनच घासाघीस करा.

मग बांधणी. इथे सगळे बिघडते. गॅरेजमध्ये शिरलात की कुणी ना कुणी म्हणेल, मोठे टायर टाका, पुढे जाड लोखंडी गार्ड लावा, टपावर दिव्यांची रांग लावा. गाडी फोटोत छान दिसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. असा गार्ड धडकेचा जोर सरळ चासीवर नेतो आणि पायी चालणाऱ्याचा जीव घेतो. शिवाय विमा कंपनी बदलांकडे बोट दाखवून दावा नाकारू शकते.

आमचे सूत्र असे होते. हातात शंभर रुपये असतील तर पहिले साठ थांबण्यावर आणि थंड राहण्यावर. म्हणजे ब्रेकचे लायनर, ब्रेक ऑइल, स्टिअरिंगचे जॉइंट, रेडिएटर, होज पाइप, फॅनबेल्ट. वीस टायरांवर, कंपनीच्याच मापाचे, पण डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे. दहा अडकल्यावर सुटण्याच्या सामानावर. टोचन करायला पुढे-मागे पक्के हूक, चांगला पट्टा, फावडे, टायरची हवा मोजायचे मीटर, हवा भरायचा पंप. उरलेले दहा बाईच्या शरीरासाठी. याला कुठलेही गॅरेज 'बांधणी' म्हणत नाही, पण आमच्या लेखी तीच खरी. सीट पुढे सरकवून घेतली. पाठीमागे घट्ट उशी शिवली. चढताना धरायला मूठ लावली. चाकाचे नट सोडवायला पान्याला लांब पाइप घेतला, म्हणजे मनगटाऐवजी अंगाचे वजन वापरता येते. मागच्या बाजूला कापडी पडदा आणि झाकणाची बादली ठेवली. घाटात आडोसा शोधत फिरण्यापेक्षा ते बरे. पाळीच्या दिवसांत तर त्या पडद्याने प्रवास वाचवला. टपावर मात्र काही बांधले नाही. वजन वर गेले की वळणावर गाडी कलंडते.

गॅरेजवाला मिस्त्री वाईट माणूस नव्हता. पण पहिले तीन आठवडे तो एकच सांगे, "ताई, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो." आम्ही भांडलो नाही. दर शनिवारी दोघीजणी तिथे जाऊन बसायच्या. जुना भाग काढला की हातात मागून घ्यायचा, वहीत लिहायचे. चौथ्या आठवड्याला तो स्वतःच म्हणाला, "वहीवाल्या ताई, हा प्लग बघा कसा काळा पडलाय." तिथून शिक्षण सुरू झाले. आज चौघींनाही स्टेपनी बदलता येते, प्लग साफ करता येतात, बेल्ट घालता येतो. इंजिन उघडता येत नाही आणि त्याची गरजही नाही.

सराव समुद्रकिनारी करू नका. पीरवाडीच्या वाळूत गाडी घालायचा मोह तरुण पोरांना होतो. भरती येते, गाडी रुतते आणि किनाऱ्यावरच्या माणसांना धोका होतो तो वेगळा. आम्ही मालकाला विचारून मोकळ्या शेतावर आणि वाड्यांच्या वाटांवर शिकलो. आमच्या गाडीत पुढच्या चाकांच्या मधली कळ हाताने फिरवल्याशिवाय चार चाकांचा जोर लागत नाही. म्हणून चिखल दिसला की आधी उतरायचे, कळ फिरवायची, मग शिरायचे. ओढा आला तर काठी घेऊन एकीने आधी चालत जायचे. पाणी गुडघ्यावर असेल किंवा पाय टिकत नसतील तर गाडी घालायची नाही. स्पितीत हे फार उपयोगी पडले. ग्राम्फूपासून बातलपर्यंतचा रस्ता म्हणजे दगडच. वितळलेल्या बर्फाचे नाले दुपारनंतर फुगतात, म्हणून ते सकाळी लवकर पार करायचे. मनालीनंतर थेट काझालाच पेट्रोल मिळते. कुंझुम खिंड सुमारे साडेचार हजार मीटरवर आहे, तिथे जिप्सीचा दम लागला आणि आमचाही. आम्ही लो गिअर लावला आणि घाई केली नाही.

मनालीपर्यंतच सुमारे दोन हजार किलोमीटर होतात. 'चार बायका एकट्या?' असे वाटेत अनेकांनी विचारले. चार असून एकट्या कशा, हे मला अजून कळलेले नाही. बायकांनी लांब गाडी चालवणे नवे नाही. क्लेरेनोर स्टिनेस या जर्मन बाईने १९२७ ते १९२९ मध्ये मोटारीने जगाला फेरी मारली. एला मायार आणि आनमारी श्वार्त्सेनबाख या दोघी १९३९ साली फोर्ड गाडी घेऊन जिनिव्हाहून काबूलला गेल्या. २०१६ साली भारुलता पटेल-कांबळे ब्रिटनहून गाडी चालवत भारतात आल्या. स्टिनेसबाई बड्या उद्योगपतीची लेक होती, हेही सांगायला हवे. आमच्याकडे हक्कसोडपत्रावर न केलेली एक सही होती.

शेवटी दोन गोष्टी वाड्यांच्या. पावसात झोळीतून आणलेली गरोदर बाई आम्ही पक्क्या रस्त्यावरून घेऊन दवाखान्यात पोचवली आहे. पण जीप आहे म्हणून रस्त्याची आणि १०८ रुग्णवाहिकेची मागणी सोडायची नाही. ग्रामसभेत एक सदस्य म्हणाले, "आता तुमच्या ताईंची गाडी आहेच ना." त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक फेरीची तारीख, वेळ आणि कारण लिहून अर्जाला जोडतो. दुसरे, पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडे घेऊ नका. आपसात पेट्रोल वाटून घेणे वेगळे, माणशी पैसे घेणे वेगळे. त्याला परवाना लागतो आणि विमाही वेगळा.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता स्टेपनी बदलायचा सराव आहे. साडी नेसून आलात तरी चालेल, पण पायात बंद बूट हवेत. ज्यांच्याकडे शिकाऊ लायसन्स नाही त्यांनी जन्मतारखेचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि फोटो घेऊन या, फॉर्म तिथेच भरू.