दुखापतींची वही



संयोजकांनी मला माझ्या कामाविषयी बोलायला सांगितलं आहे. मी फिजिओथेरपिस्ट; खेळाडूंचे गुडघे, घोटे, खांदे हा माझा रोजचा विषय. पण आज उपचारांविषयी नाही, नोंदींविषयी बोलते.

कबड्डीच्या मैदानावर कुणी पडलं की आपण म्हणतो, ‘पाय मुरगळला.’ हळदीचा लेप लागतो आणि विषय संपतो. पण घोटा की गुडघा? लिगामेंट ताणलं की तुटलं? चढाईत की पकडीत? पुन्हा मैदानात यायला किती दिवस लागले? एका मुलापुरती ही चौकशी फाजील वाटेल. शंभर नोंदी जमल्या, की त्यांतून कारण दिसू लागतं.

त्यासाठी सगळ्यांची भाषा एक हवी. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन ऑर्चर्ड यांनी दुखापतींना सांकेतिक अक्षरं दिली. पहिलं अक्षर शरीराचा भाग सांगतं: ‘के’ म्हणजे गुडघा, ‘ए’ म्हणजे घोटा. पुढची अक्षरं इजेचा प्रकार सांगतात. मग दोन गावांतल्या दोन डॉक्टरांच्या नोंदी एकत्र मोजता येतात.

याचा उपयोग काय? तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’मध्ये, सुरुवातीच्या चेंडूसाठी दोन उंच खेळाडू लांबून धावत येऊन हवेत एकमेकांवर आदळत. त्यांच्या गुडघ्याचं मागचं क्रुसिएट लिगामेंट वारंवार दुखावतं, हे नोंदींतून दिसलं. २००५ साली मैदानाच्या मध्यावर दहा मीटर व्यासाचं वर्तुळ आखून ती धाव आखूड केली. त्या दुखापती कमी झाल्या. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. चुन्याची एक रेघ!

मोजताना खेळाचे तासही लिहावे लागतात. वीस मुलं रोज एक तास, असे पन्नास दिवस खेळली, की हजार तास होतात. हजार तासांमागे किती दुखापती, हा आकडा हाती आला तरच यंदाची तुलना गेल्या वर्षाशी करता येते.

माझ्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुली येतात. गुडघा गेला की घरचे म्हणतात, ‘आता पुरे झाला खेळ.’ पुष्कळदा ती मुलगी मैदानात परत येतच नाही. म्हणून एक मागणं आहे. आपल्या शाळेत दोनशे पानी एक वही ठेवूया. तारीख, खेळ, सराव की सामना, शरीराचा भाग, कसं घडलं, किती दिवस विश्रांती, एवढे रकाने पुरेत. दुखत असूनही खेळणाऱ्यांचीही नोंद हवी. ती मुलं सहसा बोलत नाहीत. वही कुणाला दोष देण्यासाठी नाही, हे मुलांना आधी सांगावं. नाहीतर ती दुखणं लपवतील.

पी.टी.च्या सरांवर आधीच कामाचा भार आहे, म्हणून लिहिण्याचं काम संघनायकांकडे द्यावं. दर सहामाहीला येऊन हिशोब मांडायची जबाबदारी माझी. या शाळेनं आपली हजेरी दहा वर्षं रोज मांडली. मैदानावरून कोण गैरहजर झालं आणि का, तेही आता मांडूया.