विद्यापीठाच्या खिडकीमागचा माणूस



विद्यापीठ म्हटलं की आपल्यापुढे प्राध्यापक येतात, कुलगुरू येतात, पदवीदानाचे झगे येतात. सिरोंच्याच्या मुलाला मात्र विद्यापीठ भेटतं ते खिडकीत. तिथला कारकून सांगेल ते विद्यापीठाचं मत, असं तो धरून चालतो. आज बोलायचं आहे ते या कारकुनाच्या शिक्षणाविषयी.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाकडे होती. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्य ठिकाण गडचिरोलीस आले. अंतर कमी झालं खरं. तरी सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर उरतेच. गुणपत्रिकेत नावाची एक वेलांटी चुकली, तर एक दिवस जाण्याचा, एक येण्याचा, आणि सोबत आलेल्या बापाची मजुरी बुडाली ती वेगळीच. "उद्या या" हे दोन शब्द शहरात फार महाग नसतात. इथे ते फार महाग पडतात.

बरं, हा कारकून आळशी असतो असंही नाही. पुष्कळदा त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. चंद्रपुरात वन अकादमी आहे. पूर्वीचे रेंजर्स कॉलेज ते हेच. वनक्षेत्रपालाला आधी प्रशिक्षण मिळते आणि मग जंगल त्याच्या ताब्यात येते. कारकुनाला बहुधा पहिल्याच दिवशी टेबल मिळते, आणि शेजारचा जुना माणूस सांगेल तेवढेच त्याचे शिक्षण. जुन्याची चूक नव्याकडे वारसाहक्काने जाते.

अध्यापकांची सोय जरा बरी आहे. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्यासाठी प्रशिक्षण केंद्रे काढली, आणि उद्बोधन व उजळणी वर्गांची सांगड बढतीशी घातली गेली. त्यामुळे काहीजण प्रमाणपत्रापुरते जातात, हे आपण सगळे जाणतो. पण जातात तरी! कार्यालयातल्या माणसाला पाठवायचं तर प्राचार्यांपुढे प्रश्न उभा राहतो : हा गेला तर पगारबिलं कोण करणार? मग ज्याच्यावाचून काही अडत नाही, असाच माणूस निवडला जातो. तो शिष्यवृत्तीचं काम शिकून येतो आणि आल्यावर त्याला आवक-जावकीवर बसवतात. अशा प्रशिक्षणाचा भत्ता तेवढा खर्च होतो.

शिष्यवृत्तीचंच घ्या. अर्ज महाडीबीटीवर भरायचा, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात यायचे. खाते जोडलेले आहे की नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच पाहायचं, एवढं ज्याला माहीत आहे तो कारकून मुलाचे कित्येक महिने वाचवतो. दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडे माडिया आहे, गोंडी आहे, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली. सरकारी मराठीतली सूचना साध्या बोलीत कशी सांगावी, हाही प्रशिक्षणाचा विषय व्हायला हवा.

वर्षअखेर गोपनीय अहवाल लिहिला जातो. हजेरी, वर्तणूक, आज्ञाधारकपणा. माझ्या मते त्यात एक रकाना वाढवावा : एकाच कामासाठी किती विद्यार्थ्यांना दुसऱ्यांदा यावं लागलं? एक साधी वही आखली तरी हे कळेल. मात्र तो आकडा शिक्षेसाठी वापरू नये, नाहीतर वहीच खोटी लिहिली जाईल. कुठल्या कामात फेऱ्या जास्त होतात ते पाहावं आणि प्रशिक्षण त्याच कामाचं द्यावं.

हे दूर जाऊनच शिकावं असंही नाही. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे. २००९ साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाले. त्या गावात अभ्यासगट चालत. हाताशी आलेला प्रश्न घ्यायचा, त्यावर बसून बोलायचं आणि लागेल तेव्हा बाहेरचा जाणकार बोलवायचा. तालुक्याच्या तीन-चार महाविद्यालयांतील कर्मचाऱ्यांनी महिन्यातून एक दुपार असं बसायला काय हरकत आहे? खिडकी दिवसभर बंद राहणार नाही आणि पगारबिलंही अडणार नाहीत.

पहिल्या बैठकीला विषय हवा असेल तर नावांचाच घ्यावा. मडावी हे एकच आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. परीक्षेचा अर्ज भरतानाच सिरोंच्यातल्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, तर पुढे त्या मुलाला गडचिरोलीची एस.टी. धरावी लागणार नाही.