सिम्युलेटरचं घड्याळ, नेटवर्कचं घड्याळ



आपल्या संस्थेच्या अध्यक्षानं संगणकाच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र एका अरुंद विषयावर बोलणार आहे: सिम्युलेटरला नेटवर्क जोडणं.

प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा करणं कष्टाचं असलं तरी तिथे सगळं राज्य आपलं असतं. घड्याळ थांबवलं तरी आतल्या प्रोग्रामला पत्ता लागत नाही. नेटवर्क कार्ड जोडलं की ही सत्ता संपते. पलीकडचं यंत्र आपल्यासाठी थांबत नाही.

बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं सिमएच हे सिम्युलेटर घ्या. त्यात डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा व्हॅक्स चालतो, त्याच्या इथरनेट कार्डासकट. त्याच कंपनीचं डेकनेट फेज फोर हे नेटवर्क सॉफ्टवेअर सुरू झालं की ते कार्डाचा मॅक पत्ता बदलून एए-००-०४-०० ने सुरू होणारा पत्ता घेतं. वायरच्या इथरनेटवर हे खपतं. वाय-फायच्या अॅक्सेस पॉइंटला मात्र फक्त लॅपटॉपचा पत्ता ठाऊक असतो. अनोळखी पत्त्याच्या फ्रेम तो सहसा टाकून देतो. विद्यार्थी बिचारा व्हॅक्सचं कॉन्फिगरेशन तपासत बसतो.

क्यूईएमयू या एम्युलेटरचा, नेटवर्क जोडण्याचा स्लर्प मार्ग सोपा. आतल्या यंत्राला, म्हणजे गेस्टला, १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, अॅडमिनचे अधिकार लागत नाहीत. कॉलेजच्या लॅबला आणखी काय हवं? पण गेस्टचं टीसीपी कनेक्शन तिथेच संपतं आणि बाहेर होस्टचं वेगळं सॉकेट उघडतं. त्यामुळे या मार्गावर टीसीपीच्या गर्दी-नियंत्रणाचे आलेख काढले, तर ते गेस्ट आणि स्लर्प यांच्यातल्या संवादाचे असतात, नेटवर्कचे नव्हे. असे आलेख मी पाहिले आहेत, देखणेही असतात.

खरी अडचण काळाची. जेम५ सारख्या तपशीलवार सिम्युलेटरमध्ये आतला एक सेकंद बाहेर कित्येक तास खातो. अशा यंत्रानं खऱ्या सर्व्हरशी बोलायचं ठरवलं, तर उत्तर निघण्याआधीच सर्व्हरचा टायमर संपतो. मग दोन्ही टोकं सिम्युलेटरमध्येच घ्यावी लागतात आणि त्यांची घड्याळं जुळवावी लागतात. चंडी आणि मिश्रा यांनी १९७९ च्या सुमारास वितरित सिम्युलेशनचा जो विचार मांडला, त्याचा गाभा इथे उपयोगी पडतो. निरोप पोहोचायला किमान जितका वेळ लागतो, तितका वेळ प्रत्येक यंत्राला बिनधास्त पुढे धावू द्यावं. तेवढ्यात शेजाऱ्याकडून काही येऊच शकत नाही. १९९३ च्या विस्कॉन्सिन विंड टनेल या सिम्युलेटरनं हेच केलं: ठरावीक वेळेचा तुकडा, म्हणजे क्वांटम, धावायचं, मग सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबायचं.

यातून एक उफराटी गोष्ट निघते. जितकं वेगवान, म्हणजे कमी विलंबाचं, नेटवर्क अभ्यासायला घ्यावं, तितका क्वांटम लहान, थांबे जास्त आणि सिम्युलेटर मंद. मग मोह होतो, क्वांटम थोडा वाढवू. तो दुव्याच्या किमान विलंबापेक्षा मोठा झाला की पॅकेट अशा यंत्राकडे येतं, ज्याचं घड्याळ पॅकेटच्या वेळेपुढे गेलेलं असतं. पॅकेट मुकाट्यानं उशिरा पोहोचवलं जातं. एरर येत नाही. आकडे येतात, आणि पटण्यासारखे येतात.

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक निबंधांत प्रोसेसरच्या कॅशचं वर्णन पानभर असतं. क्वांटमचा उल्लेख नसतो. म्हणून पुढच्या वर्षीपासून निबंधासोबत तीन गोष्टी लिहून मागाव्यात असं मी कार्यकारिणीला सुचवतो: नेटवर्क कोणत्या मार्गानं जोडलं, दुव्याचा किमान विलंब किती धरला आणि क्वांटम किती ठेवला. ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाईल. विरोध असेल त्यांनी जरूर बोलावं, फक्त आपला क्वांटम सोबत आणावा.