सर्व्हरच्या विद्येचें पहिलें पुस्तक

वाकोल्याच्या एका अंगास कालिना येथील मुंबई विद्यापीठाचा परिसर आहे आणि दुसऱ्या अंगास, थोड्याच अंतरावर, वांद्रे-कुर्ला संकुलांतील बँकांच्या व कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. विद्या आणि तिचा मोबदला यांच्या मध्यें वसलेल्या या उपनगरांतील घरांतून मुलांच्या शिक्षणाविषयीं जीं बोलणीं होतात, त्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. घरांतील मुलगा वा मुलगी कॉलेजांत संगणकाचा विषय घेते. वेबसाइटचा पडद्यावर दिसणारा भाग थोडाबहुत साधूं लागतो. आणि मग पडद्यामागील काम, म्हणजे सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम लिहिण्याचें काम, शिकण्याची पाळी येते. त्या कामासाठीं पहिलें पुस्तक कोणतें घ्यावें, हा तो प्रश्न होय.

प्रश्न दिसावयास लहान आहे. हजारपांचशें रुपयांची बाब. चुकली तर दुसरें पुस्तक आणतां येईल, असें वडील मंडळींस वाटतें. परंतु पहिल्या पुस्तकावर रुपयांहून अधिक मोलाची वस्तु खर्च होते. ती म्हणजे विद्यार्थिदशेंतील सहाआठ महिने. त्या महिन्यांत हाताला जें वळण लागतें, तें पुढें मोडणें फार कष्टाचें असतें. शिवाय या विद्येंत वाईट वळणाचा भुर्दंड शिकणाऱ्याला एकट्यालाच बसतो असें नाहीं. ज्यांचीं नांवें, पत्ते आणि मोबाइलचे क्रमांक त्याच्या प्रोग्रॅमच्या हवालीं होतात, त्या अनोळखी माणसांनाही तो बसतो.

हें काम कोणत्या स्वरूपाचें आहे, तें ग्रंथालयाच्या दृष्टान्तानें सहज समजेल. जुन्या पद्धतीच्या ग्रंथालयांत वाचक खिडकीपाशीं जातो आणि हव्या असलेल्या पुस्तकाचें नांव चिठ्ठीवर लिहून देतो. आंतील लेखनिक ती चिठ्ठी वाचतो, सभासदत्व तपासतो, नोंदवही उघडून पाहतो, कपाटांतून पुस्तक आणून देतो आणि वहींत तशी नोंद करतो. वाचकाला दिसते ती केवळ खिडकी. वेबच्या व्यवहारांत ब्राउझर ही खिडकी, सर्व्हरवरील प्रोग्रॅम हा लेखनिक, आणि डेटाबेस ही नोंदवही. चिठ्ठीवर काय लिहावयाचें, हें बाहेरच्या माणसाच्या हातीं असतें; तीवर कितपत विश्वास ठेवावयाचा, हें आंतल्या लेखनिकानें ठरवावयाचें असतें. सर्व्हरच्या विद्येचें बरेचसें मर्म या एका वाक्यांत आहे, आणि पहिल्या पुस्तकाची परीक्षाही त्यावरूनच करावयाची आहे.

आतां पुस्तकाच्या वयाचा विचार प्रथम करावा लागतो. कारण या विषयांतील पुस्तकें इतर विषयांतील पुस्तकांपेक्षां लवकर म्हातारीं होतात. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचें ‘लेट अस सी’ हें पुस्तक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनीं वापरलें. सी भाषेचा पाया फारसा हललेला नाहीं, म्हणून थोरल्या भावाची प्रत धाकट्यासही पुष्कळशी चालते. सर्व्हरकडील प्रोग्रॅमची गोष्ट निराळी आहे. तेथें ज्या जमिनीवर घर बांधावयाचें, ती जमीनच दर पांचसात वर्षांनीं थोडी सरकते.

१५ ऑगस्ट १९९५ या दिवशीं विदेश संचार निगमानें भारतांत सामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेटची सेवा सुरू केली. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या जूनमध्यें रॅस्मस लर्डॉर्फ यांनीं पीएचपीचें पहिलें रूप लोकांपुढें ठेवलें होतें. त्या काळांत सर्व्हरचें काम बहुधा पर्ल भाषेंत, सीजीआय नांवाच्या पद्धतीनें होत असे. मुंबईचे लेखक आयव्हन बेरॉस यांनीं एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पर्ल सीजीआय यांवर लिहिलेल्या ग्रंथानें येथील विद्यार्थ्यांची त्या काळीं चांगली सोय केली. पुढें सीजीआयसाठीं वापरली जाणारी प्रसिद्ध सामग्री पर्लच्या मूळ संचांतूनच २०१५ सालीं काढून टाकण्यांत आली. ग्रंथाचा त्यांत कांहीं दोष नाहीं. त्यानें दाखविलेल्या रस्त्यावरची वर्दळ मात्र आतां दुसऱ्या रस्त्यांवर गेली आहे.

पीएचपीच्या जुन्या पुस्तकांची अडचण याहून सूक्ष्म आहे, कारण तेथें रस्त्याचें नांव तेंच राहून आंतील वळणें बदललीं. आरंभीच्या काळांत ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नांवाची एक सवलत असे. तिच्यामुळें वाचकानें चिठ्ठीवर जें लिहिलें असेल, तें लेखनिकाच्या स्वतःच्या टिपणांत आपोआप उतरत असे. सोय मोठी, पण त्या वाटेनें परक्या माणसालाही लेखनिकाच्या टिपणांत हवें तें घुसडतां येई. म्हणून २००२ सालीं ही सवलत मूळ मांडणींत बंद करण्यांत आली आणि २०१२ सालीं ती समूळ गेली. त्याचप्रमाणें मायएसक्यूएल या डेटाबेसशीं बोलण्याच्या ज्या जुन्या आज्ञा शेंकडों पुस्तकांत छापलेल्या आहेत, त्या २०१३ सालीं त्याज्य ठरल्या आणि डिसेंबर २०१५ मध्यें आलेल्या सातव्या आवृत्तींतून वगळल्या गेल्या.

याचा परिणाम काय होतो, तो पाहण्यासारखा आहे. माटुंग्यास किंग्ज सर्कलजवळ जुन्या पुस्तकांचा जो बाजार भरतो, तेथून एखादी विद्यार्थिनी दीडदोनशें रुपयांत एक जाडजूड ग्रंथ घेऊन वाकोल्यास परत येते. पुस्तक नामांकित, कागद उत्तम, लेखक जाणते. ती पहिल्या प्रकरणापासून निष्ठेनें एकेक ओळ उतरून काढते, आणि डेटाबेसच्या प्रकरणापाशीं येतांच संगणक उत्तर देतो कीं, अशी आज्ञाच अस्तित्वांत नाहीं. ती ओळ पुन्हां तपासते, स्वल्पविराम मोजते, रात्र घालविते. पुस्तक चुकेल असें तिच्या मनांतही येत नाहीं, कारण छापील अक्षरावर विश्वास ठेवण्याचें शिक्षण तिला घरींच मिळालेलें असतें. मग आपल्याला ही विद्या येण्यासारखी नाहीं, असा निष्कर्ष ती काढते. वस्तुतः दोष केवळ छपाईच्या सालाचा असतो.

दुसऱ्या भाषांतही हीच स्थिति आहे. पायथनच्या पुस्तकांत ‘प्रिंट’ ही आज्ञा कंसावांचून लिहिलेली दिसली, तर तें पुस्तक पायथनच्या दुसऱ्या पिढीचें समजावें. त्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीं संपली. जावाच्या वाटेनें जाणाऱ्यांनीं ‘जावाएक्स’ आणि ‘जकार्ता’ हे दोन शब्द ध्यानांत ठेवावे. टॉमकॅट या प्रसिद्ध सर्व्हरच्या दहाव्या आवृत्तीपासून सर्व्हलेटच्या कामांत पहिला शब्द जाऊन त्याच्या जागीं दुसरा आला आहे. त्यामुळें २००४ सालचें ‘हेड फर्स्ट सर्व्हलेट्स अँड जेएसपी’ हें पुस्तक समजूत देण्यांत आजही सरस असलें, तरी त्यांतील उदाहरणें नव्या सर्व्हरवर जशींच्या तशीं चालत नाहींत.

तेव्हां पुस्तक विकत घेण्यापूर्वीं मलपृष्ठावरील स्तुति वाचण्याऐवजीं आंतील पानावर छापलेलें आवृत्तीचें साल पाहावें, आणि पुस्तक त्या भाषेच्या कितव्या आवृत्तीवर आधारलेलें आहे, तें शोधावें. एकाच नांवाच्या दोन प्रतींत फार अंतर असूं शकतें. ल्यूक वेलिंग आणि लॉरा थॉमसन यांच्या पीएचपी व मायएसक्यूएलवरील ग्रंथाची पहिली आवृत्ति २००१ सालची, तर पांचवी २०१६ सालची आहे. नांव तेंच असलें, तरी मधल्या पंधरा वर्षांत आंतील विषय पुष्कळ पालटला आहे.

दुसरी परीक्षा अशी कीं, पुस्तक एखादें लहान पण संपूर्ण काम शेवटास नेतें कीं नाहीं. कांहीं पुस्तकें भाषेचें व्याकरण तीनशें पानें सांगतात आणि अखेरच्या प्रकरणांत घाईघाईनें एक अर्ज दाखवितात. असें पुस्तक वाचून संज्ञा पाठ होतात. पण चिठ्ठी खिडकींतून आंत कशी आली, वहींत नोंद कशी झाली आणि उत्तर बाहेर कसें गेलें, हा एक फेरा डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. पहिल्या शंभरसवाशें पानांत हा फेरा एकदां तरी पुरा होत असेल, तर तें पुस्तक नवशिक्यासाठीं लिहिलें आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. ती करण्यास दुकानांत उभ्या उभ्या दहा मिनिटें पुरतात. सूचींत ‘पासवर्ड’ हा शब्द काढून तें पान उघडावें. सभासदाचा पासवर्ड वहींत जसाच्या तसा लिहून ठेवावयास सांगितलें असेल, किंवा केवळ ‘एमडी फाइव्ह’ या जुन्या रीतीनें झांकावयास सांगितलें असेल, तर पुस्तक परत ठेवावें. पासवर्ड स्वतः न ठेवतां, ज्यावरून तो उलट शोधून काढणें अतिशय दुष्कर व्हावें असा त्याचा ठसा तेवढा ठेवावा, ही आजची रीत आहे. पीएचपींत त्यासाठीं २०१३ पासून तयार आज्ञा उपलब्ध आहे. त्यानंतर, वाचकाची चिठ्ठी डेटाबेसपर्यंत कशी नेली आहे, तें पाहावें. चिठ्ठीवरील मजकूर आज्ञेच्या वाक्यांत सरळ चिकटविला असेल, तर एखादा लबाड मनुष्य पुस्तकाच्या नांवापुढें ‘आणि सर्व सभासदांची यादीही द्या’ एवढें जोडून लिहील, आणि भोळा लेखनिक ती यादी काढून देईल. हा धोका टाळण्यासाठीं वाक्य आधींच छापून घेऊन चिठ्ठींतील मजकुरासाठीं त्यांत फक्त रिकाम्या जागा सोडण्याची पद्धत आहे. तिला ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ म्हणतात. ही पद्धत पहिल्याच उदाहरणापासून वापरणारें पुस्तक चांगलें. ती शेवटच्या प्रकरणासाठीं राखून ठेवणारें पुस्तक धोक्याचें. कारण शेवटच्या प्रकरणापर्यंत पुष्कळ वाचक पोंचतच नाहींत.

नवशिक्याला एवढ्या काळजीचें काय कारण, असें कोणी म्हणेल. परंतु नवशिक्याचें पहिलें काम बहुधा ओळखीच्या माणसाचेंच असतें: एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्याची नोंदणी, एखाद्या शिकवणीची फी, एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या तक्रारी. तेथें रुग्णांचे आजार आणि शेजाऱ्यांचे मोबाइल क्रमांक खऱ्या माणसांचे असतात. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेनें २०२३ सालीं केला, त्यांत माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी तजवीज न ठेवल्याबद्दल २५० कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड वाकोल्यांतील दवाखान्यास होईल असें नाहीं. पण ही हयगय आतां केवळ अडाणीपणांत जमा होत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

भाषा कोणती निवडावी, यावरून घरांत वाद होतात. मोठ्या कंपन्यांत जावाला मान आहे, असें वडील म्हणतात. मित्र नोडची शिफारस करतात. शिकवणीचे मास्तर पीएचपीचा आग्रह धरतात. या तिन्ही मतांत तथ्य आहे. वर्डप्रेस पीएचपींत लिहिलेलें असल्यामुळें लहान व्यापाऱ्यांचीं पुष्कळ कामें त्या भाषेंत निघतात. जावास्क्रिप्ट आधींच येत असेल, तर २००९ सालीं निघालेलें नोड जवळचें. आणि ज्याला प्रोग्रॅमिंगचा गंधच नाहीं, त्याला पायथनची वाट सुगम. कॉलेजच्या अभ्यासक्रमांत जी भाषा आहे आणि अडल्यास शेजारच्या इमारतींत जी जाणणारा कोणी आहे, ती पहिली भाषा म्हणून उत्तम. पहिली भाषा नीट आली म्हणजे दुसरीस फारसे सायास पडत नाहींत.

नांवें सांगावयाचीं तर, पीएचपीसाठीं जॉन डकेट यांचें २०२२ सालचें चित्रमय पुस्तक नवशिक्याच्या डोळ्यांना सुखद आहे. अगदीं आरंभापासून सुरुवात करणाऱ्यास एरिक मॅथेस यांचें ‘पायथन क्रॅश कोर्स’ योग्य. त्याची तिसरी आवृत्ति २०२३ ची असून तिच्या उत्तरार्धांत जँगोच्या साहाय्यानें एक संपूर्ण वेबसाइट उभी केली आहे. ज्यांना खर्च नको असेल, त्यांच्यासाठीं मोझिलाच्या एमडीएन या संदर्भसंग्रहांत जँगो आणि एक्सप्रेस या दोहोंचे धडे विनामूल्य आहेत. आणि त्यांत उदाहरणादाखल उभें केलेलें काम म्हणजे एका स्थानिक ग्रंथालयाची सूचीच आहे. मराठी माध्यमांतून आलेल्या मुलांना इंग्रजी पुस्तकाचें पहिलें प्रकरणच जड जातें. त्यांनीं पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांतील मराठी ध्वनीचे लहान लहान पाठ सोबत घ्यावे. मात्र सालाची आणि पासवर्डाची परीक्षा त्या पाठांनाही लावावी.

जुनीं पुस्तकें सरसकट रद्दींत घालावींत, असा याचा अर्थ नाहीं. डेटाबेसमधील माहितीची मांडणी कशी करावी, एका तक्त्याचा दुसऱ्याशीं संबंध कसा जोडावा, हे विचार एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या निबंधापासून चालत आले आहेत आणि एसक्यूएलचें प्रमाणीकरण १९८६ सालचें आहे. या विषयांवरचें वीस वर्षांपूर्वींचें चांगलें प्रकरण आजही तितकेंच उपयोगी पडतें. तेव्हां थोरल्या बहिणीचा जुना ग्रंथ घरांत असेल, तर तो तक्त्यांच्या अभ्यासासाठीं खुशाल काढावा, प्रोग्रॅम मात्र नव्या पुस्तकावरून लिहावे. आणि जुन्यांतील एखादी आज्ञा चालली नाहीं, तर आपल्या बुद्धीला बोल लावण्यापूर्वीं ती कोणत्या सालीं बंद झाली, एवढें भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेंत पाहून घ्यावें.