एका ओरखड्याचे अर्थशास्त्र



अणुऊर्जेवर बोलण्यासाठी अर्थशास्त्राचा अभ्यासक उभा राहिला की श्रोत्यांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात : त्रिस्तरीय कार्यक्रम, स्थापित क्षमता, प्रतियुनिट दर. हे सारे आपल्या टिपणवह्यांत आधीच उतरलेले असणार. म्हणून आज मी एका ओरखड्याविषयी बोलणार आहे. इंधनकांड्यांची जुळणी होत असताना त्यांच्या पृष्ठभागावर उमटणारा, नखाला जेमतेम जाणवणारा ओरखडा.

अणुभट्टीचे इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या लहान दंडगोलाकार वड्या. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक नळीत भरून दोन्ही टोके वेल्डिंगने बंद केली की इंधनकांडी तयार होते. विखंडनातून निर्माण होणारी किरणोत्सारी द्रव्ये आणि सभोवतीचे पाणी यांच्यामध्ये धातूची पहिली भिंत हीच. दाबयुक्त साध्या पाण्याच्या अणुभट्टीत या भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते; आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत ती सुमारे 0.4 मिलिमीटर भरते.

मग ही भिंत जाड का करू नये? झिर्कोनियमची निवडच मुळी ते न्यूट्रॉन फारसे शोषत नाही म्हणून झाली आहे; परंतु 'फारसे' म्हणजे 'मुळीच' नव्हे. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-235 चे प्रमाण अवघे 0.7 टक्के असते. अशा इंधनावर चालणाऱ्या भट्टीला वाया जाणारा प्रत्येक न्यूट्रॉन महाग पडतो. आवरण जाड केले तर इंधन लवकर बदलावे लागेल. समृद्ध युरेनियम वापरणाऱ्या भट्टीत समृद्धीकरणाचा खर्च वाढेल. म्हणजे ही जाडी संरक्षण आणि न्यूट्रॉनची काटकसर यांच्यातील तडजोडीतून ठरलेली असते, आणि ओरखडा त्या तडजोडीतूनच काही अंश कापून नेतो.

तो उमटतो कसा, हे पाहिले पाहिजे. दाबयुक्त साध्या पाण्याच्या अणुभट्टीसाठी सुमारे चार मीटर लांबीच्या कांड्या, एकावर एक ठराविक अंतराने बसवलेल्या जाळ्यांमधून ओढून किंवा ढकलून बसवतात. जाळीच्या प्रत्येक घरात कांडीला घट्ट धरून ठेवणाऱ्या लहान स्प्रिंगा असतात. ही पकड आवश्यकच आहे. ती सैल पडली तर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात कांडी थरथरते आणि घासून घासून तिला भोक पडू शकते. परंतु हीच स्प्रिंग जुळणीच्या वेळी कांडीवर रेघ ओढते. झिर्कोनियमचा स्वभावही असा की घर्षणात तो दुसऱ्या धातूला चिकटतो आणि त्याचे बारीक कीस निघतात. ते जाळीत अडकून राहिले तर पुढे शीतक पाण्याबरोबर फिरतात आणि दुसऱ्याच एखाद्या कांडीला इजा करू शकतात.

यावरचा एक उपाय ऐकायला अगदी घरगुती वाटतो. जुळणीपूर्वी कांडीवर लाखेसारखा पातळ लेप देतात. काही लेप पाण्यात विरघळणारे असतात, काहींना द्रावक लागते. कांडी जाळ्यांतून सरकताना स्प्रिंग धातूऐवजी लेपावर घासते, आणि जुळणी झाल्यावर लेप धुऊन टाकतात. दुसऱ्या पद्धतीत कांडी आत जाईपर्यंत विशेष हत्याराने स्प्रिंगा मागे दाबून धरतात. लेपाची पद्धत स्वस्त खरी, पण तिच्या मागे एक नवी जबाबदारी येते : जाळीच्या कोपऱ्यांत त्याचा अवशेष राहता कामा नये, कारण क्लोरिन किंवा फ्लोरिनचा अल्प अंशही तप्त पाण्यात धातूच्या गंजाला आमंत्रण देतो. धुणे, वाळवणे, पुन्हा तपासणे, हा सर्व खर्च लेपाच्याच खात्यावर मांडला पाहिजे.

आपल्या देशातील बहुतेक अणुभट्ट्यांचे इंधन वेगळ्या घडणीचे आहे. 1971 साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये जड पाण्याच्या 220 मेगावॅट अणुभट्ट्यांसाठी अर्ध्या मीटर लांबीचे, 19 कांड्यांचे जुडगे तयार होते. तारापूरच्या 540 मेगावॅटच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी ते 37 कांड्यांचे असते. येथे जाळी नसते. कांड्यांवर लहान उंचवटे वेल्ड करून त्यांच्यात अंतर राखतात आणि दोन्ही टोकांना पट्टिका जोडतात. त्यामुळे ओढताना पडणाऱ्या लांब रेघेचा प्रश्न उरत नाही. उरतो तो हाताळणीचा : साच्यात ठेवताना, उचलताना, नेताना. एका 220 मेगावॅट अणुभट्टीत 306 नलिका आणि प्रत्येकीत 12 जुडगी, म्हणजे एकूण 3,672 जुडगी आणि 69,768 कांड्या असतात. दर लाखात एकच कांडी सदोष निघाली तरी अशा दोन भट्ट्यांमागे एकीहून अधिक गळकी कांडी अपेक्षित धरावी लागते. लाखात एक हे प्रमाण मी केवळ गणितासाठी घेतले आहे.

आता किमतीकडे वळू. जड पाण्याच्या भट्टीत गळके जुडगे भट्टी चालू असतानाच बाहेर काढता येते, ही त्या रचनेची मोठी सोय. कुडनकुलमसारख्या साध्या पाण्याच्या भट्टीत मात्र झाकण उघडल्याशिवाय इंधनाला हात लावता येत नाही. सहसा किरणोत्साराची पातळी मर्यादेत ठेवून पुढील इंधनबदलापर्यंत थांबतात आणि मग सदोष जुळणी शोधण्यात बंदचा काळ लांबतो. 1000 मेगावॅटचा संच एक दिवस बंद राहिला तर 2 कोटी 40 लाख युनिट वीज बुडते. प्रतियुनिट 4 रुपये दर गृहीत धरला, तर 9 कोटी 60 लाख रुपये. अणुवीजकेंद्राचा बहुतांश खर्च भांडवली असल्याने बंद काळात वाचणारा खर्च थोडाच असतो. अशा भट्टीत सुमारे 50 हजार कांड्या असतात. वर्षाला त्यांतील 17 हजार बदलल्या जातात असे समजा. उत्तम लेपामुळे दहा वर्षांत बंदचा केवळ एक दिवस टळत असेल, तरी प्रत्येक कांडीच्या संरक्षणावर सुमारे 565 रुपये खर्च करणे परवडते. यात कर्मचाऱ्यांना लागणारी किरणोत्साराची वाढीव मात्रा मी धरलेली नाही. तिची रुपयांत किंमत करणे मला पटतही नाही.

खरी अडचण हिशेबाच्या वहीत आहे. ओरखडा पडतो कारखान्यात; नुकसान दिसते वीजकेंद्रात, तेही कित्येक महिन्यांनी. आपल्याकडे इंधन तयार करणारा कारखाना आणि 1987 साली स्थापन झालेले न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन हे एकाच अणुऊर्जा विभागाखाली असले तरी त्यांचे ताळेबंद वेगळे. कारखान्याचे यश जर केवळ वर्षाकाठी किती टन इंधन बाहेर पडले यावर मोजले, तर संशयास्पद कांडी बाजूला काढणारा निरीक्षक उत्पादनाचा शत्रू ठरतो. पाठ्यपुस्तकांत बाह्य परिणाम शिकवताना आपण धुराड्याचे उदाहरण देतो. येथे तोच परिणाम एका छताखालील दोन वह्यांमध्ये घडतो. एक देश दुसऱ्याला इंधन विकतो तेव्हा करारात सामान्यतः हमीचे कलम असते आणि दोषाची किंमत पुरवठादारापर्यंत परत पोहोचते. विभागांतर्गत पुरवठ्यात असे कलम आपोआप येत नाही. ते काम प्रत्येक कांडीच्या नोंदीने करावे लागते : वडी कोणत्या गटातील, नळी कोणत्या तुकडीची, जुळणी कोणत्या साच्यावर झाली. गळके जुडगे सापडले की या नोंदीवरून मागे जाता येते, आणि त्या साच्याची कड बोथट करायची की घासून सरळ करायची, हे कारखान्यातच ठरवता येते.